बॅटरीशिवाय बोलणारा रेडिओ

विजेची वायर नाही, सेल नाही, बटण नाही आणि तरीही बोलणारा रेडिओ तुम्ही कधी पाहिला आहे का? असा रेडिओ असतो. तो दुकानात सहसा मिळत नाही. पण घरी बनवता येतो. तांब्याची तार, एक नळी, एक छोटा डायोड, जुन्या रेडिओतला एक भाग आणि एक इअरफोन एवढ्या वस्तू पुरतात. या रेडिओला 'क्रिस्टल रेडिओ' म्हणतात. क्रिस्टल म्हणजे स्फटिक.

तुम्ही म्हणाल, "मोबाइलवर हजारो गाणी ऐकता येतात. मग हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न बरोबर आहे. मोबाइल आपण वापरतो, पण त्याच्या आत काय चालते ते आपल्याला दिसत नाही. या रेडिओत मात्र सारे काही उघडे असते. कोणता भाग कोणते काम करतो ते डोळ्यांनी पाहता येते आणि बोटांनी तपासता येते. म्हणून हा रेडिओ ऐकण्यापेक्षा समजून घेण्यासाठी बनवायचा आहे.

आवाज आपल्यापर्यंत कसा येतो?

समजा, तुम्ही ठाण्यात खोपटला राहता. तेथून पश्चिमेकडे पाहिले तर येऊरचे डोंगर दिसतात. या डोंगरांपलीकडे, सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटरवर मालाडचा किनारा आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राचे कार्यक्रम मालाड येथील उंच मनोऱ्यांवरून मध्यम लहरींवर प्रक्षेपित होऊ लागले. मध्यम लहरींनाच आपण 'मीडियम वेव्ह' म्हणतो. रेडिओच्या तबकडीवर ५५८ आणि १०४४ हे मुंबईचे आकडे कितीतरी घरांना पाठ होते.

कोणी माणूस मालाडला कितीही मोठ्याने ओरडला, तरी त्याचा आवाज खोपटला ऐकू येणार नाही. आवाज हवेतून जातो आणि जाता जाता विरून जातो. शिवाय त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तो पोहोचू शकला असता, तरी त्याला १५ किलोमीटर यायला ४४ सेकंद लागले असते. रेडिओलहरींचे तसे नाही. त्या प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर या वेगाने धावतात. मालाडहून खोपटला यायला त्यांना एका सेकंदाचा वीस हजारावा भाग पुरतो. मध्यम लहरी चांगल्या लांबलचक असतात, त्यामुळे जमिनीला धरून त्या डोंगराच्या पलीकडेही पोहोचतात.

लाटेला उर्दूत 'मौज' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मराठीत मात्र 'मौज' म्हणजे मजा! समुद्राची लाट आणि मनाची मजा या दोन्हींसाठी एकच शब्द आपल्या दोन भाषांत वेगवेगळ्या अर्थाने नांदतो आहे. उर्दूतील विज्ञानाच्या पुस्तकात 'तूल-ए-मौज' हा शब्द येतो. त्यालाच मराठीत 'तरंगलांबी' म्हणतात. १०४४ किलोहर्ट्झ याचा अर्थ एका सेकंदात १० लाख ४४ हजार कंपने. या लहरीची तरंगलांबी सुमारे २८७ मीटर भरते. पण एवढ्या जलद कंपनांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला साधारण २० ते २० हजार कंपनांपर्यंतच ऐकू शकतो.

मग बातम्या आणि गाणी ऐकू कशी येतात? यासाठी खोपटचे एस.टी. स्थानक डोळ्यांसमोर आणा. प्रवाशाला दूरच्या गावी जायचे असते. तो पायी जाऊ शकत नाही, म्हणून बसमध्ये बसतो. गाव आले की प्रवासी उतरतो. त्याला बस घरी न्यायची नसते! रेडिओतही असेच घडते. जलद लहर म्हणजे बस आणि आवाज म्हणजे प्रवासी. केंद्रावर आवाजाला लहरीवर बसवतात. आवाज मोठा झाला की लहरीची उंची वाढते, लहान झाला की कमी होते. आपल्या घरी आलेल्या लहरीवरून हा आवाज खाली उतरवून घेणे, हेच रेडिओचे मुख्य काम.

एफ. एम. केंद्रांची पद्धत निराळी आहे. तेथे लहरीची उंची बदलत नाही, तर कंपनांची संख्या किंचित कमीजास्त होते. म्हणून आपला साधा क्रिस्टल रेडिओ मध्यम लहरींसाठी आहे, एफ. एम. साठी नाही.

खड्याची करामत

आवाज उतरवण्याचे काम सुरुवातीच्या काळात एक खडा करीत असे. गॅलेना नावाचे शिशाचे चमकदार खनिज आहे. त्याच्या खड्यावर बारीक तारेचे टोक अलगद टेकवले, की विजेचा प्रवाह एका दिशेने सहज जातो आणि उलट दिशेने फारसा जात नाही. या बारीक तारेला इंग्रज लोक गमतीने 'मांजराची मिशी' म्हणत.

गॅलेनाचा असा उपयोग करण्यात एक भारतीय शास्त्रज्ञ अग्रभागी होते. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस. वनस्पतींवरील प्रयोगांमुळे आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी कोलकात्यात त्यांनी विद्युतचुंबकीय लहरींवर मोलाचे संशोधन केले होते. १८९५ साली त्यांनी तारेशिवाय दूरवरची घंटा वाजवून दाखवली. गॅलेना वापरून लहरी ओळखणाऱ्या उपकरणासाठी त्यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले.

आता मुंबईकडे वळू. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याचे उद्घाटन त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. केंद्राची शक्ती होती फक्त दीड किलोवॉट. रेडिओ ऐकण्यासाठी वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यावा लागे. त्या काळी १० रुपये ही लहान रक्कम नव्हती. व्हॉल्व्हचे मोठे रेडिओ तर फारच महाग असत. त्यामानाने क्रिस्टल रेडिओ स्वस्त होता. त्याला वीज लागत नसे. मात्र तो एका वेळी एकालाच, कानाला लावून ऐकता येई. ती कंपनी १९३० मध्ये बंद पडली. मग सरकारने प्रसारणाचे काम हाती घेतले आणि १९३६ साली त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

आज गॅलेनाचा खडा शोधत फिरण्याची गरज नाही. त्याचे काम तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, काचेचा डायोड करतो. मात्र तो जर्मेनियमचा हवा. असे का? साध्या सिलिकॉन डायोडमधून प्रवाह नीट वाहू लागण्यासाठी सुमारे ०.६ व्होल्ट दाब लागतो. जर्मेनियमच्या डायोडला ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात. आपल्या तारेवर येणारी वीज अतिशय क्षीण असते. तिला उंच उंबरठा ओलांडता येत नाही. म्हणून उंबरठा जितका ठेंगणा तितका चांगला.

साहित्य जमवू या

१. प्लॅस्टिकची किंवा जाड पुठ्ठ्याची नळी : बाहेरचा व्यास ५ सेंटिमीटर, लांबी १२ सेंटिमीटर.

२. इनॅमल चढवलेली तांब्याची तार : २६ गेज, १५ मीटर. पंख्याच्या आणि पंपाच्या मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्या दुकानात ही तार मिळते.

३. गँग कंडेन्सर : दुकानदार याला नुसते 'गँग' म्हणतात. ३६५ किंवा ५०० पिकोफॅरडचा चालेल. भंगारात गेलेल्या जुन्या रेडिओतून तो काढता येतो. त्यात पत्र्याच्या पातळ पट्ट्या एकमेकींना न चिकटता आतबाहेर फिरतात.

४. जर्मेनियम डायोड : ओए ७९ किंवा १एन ३४ ए.

५. क्रिस्टल इअरफोन आणि ४७ किलोओहमचा एक रेझिस्टर. मोबाइलचा इअरफोन येथे थेट जोडून चालत नाही. त्याला जितका प्रवाह लागतो, तितका हा रेडिओ देऊ शकत नाही.

६. एरियलसाठी प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार : १० ते १५ मीटर.

७. जमिनीशी जोडण्यासाठी ५ मीटर तार, लाकडी फळी, स्क्रू, चिकटपट्टी आणि पॉलिश पेपर.

गँग, डायोड आणि क्रिस्टल इअरफोन जवळ मिळाले नाहीत, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधावेत. सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड स्टेशनवर उतरावे. तेथून तो जवळच आहे. जाताना घरातील मोठ्या माणसाला सोबत न्या.

खरेदीपूर्वी एक गोष्ट आवर्जून करा. घरातील किंवा शेजाऱ्यांचा मीडियम वेव्ह असलेला साधा रेडिओ लावून पाहा. गेल्या काही वर्षांत देशात अनेक ठिकाणची मध्यम लहरींची प्रक्षेपणे बंद झाली आहेत. साध्या रेडिओवर दिवसा एखादे केंद्र खणखणीत ऐकू आले, तरच ते क्रिस्टल रेडिओवर मिळण्याची आशा धरावी.

रेडिओ तयार करू या

पहिली पायरी – कॉइल. नळीच्या एका टोकाजवळ दोन बारीक भोके पाडा. तांब्याची तार त्यांतून ओवून २० सेंटिमीटर मोकळी सोडा. या टोकाला 'क' म्हणू. आता नळीवर तार गुंडाळायला लागा. वेढे एकमेकांना चिकटून, पण एकावर एक न चढता यायला हवेत. एकाने नळी फिरवावी, दुसऱ्याने तार ताणून धरावी. दोघे मित्र असतील तर हे काम झटपट होते.

वीस वेढे झाले की तारेला पीळ देऊन एक छोटा फासा बाहेर काढा. हा 'ख'. तार तोडू नका. त्याच दिशेने पुढे चला. चाळीस वेढ्यांनंतर दुसरा फासा काढा. हा 'ग'. ऐंशी वेढे पूर्ण झाले की तार पुन्हा दोन भोकांतून ओवा आणि २० सेंटिमीटर मोकळी सोडून तोडा. हे शेवटचे टोक 'घ'. वेढे सुटू नयेत म्हणून वर चिकटपट्टी लावा.

दुसरी पायरी – तार खरवडणे. तांब्याच्या तारेवर इनॅमलचा पातळ, पारदर्शक थर असतो. तो डोळ्यांना नीट दिसत नाही, पण विजेला अडवतो. क, ख, ग, घ या चारही ठिकाणी पॉलिश पेपरने तार घासून लखलखीत करा. जोडणी सगळी बरोबर असून रेडिओ मुका राहतो, तो बहुधा या पायरीत आळस केल्यामुळे!

तिसरी पायरी – जोडणी. कॉइल आणि गँग फळीवर बसवा. गँगची धातूची चौकट 'क' टोकाला जोडा. त्याच्या स्थिर पट्ट्यांचा पाय 'घ' टोकाला जोडा. गँग छोटा, प्लॅस्टिकचा असेल, तर त्याला बहुधा तीन पाय असतात. मधला पाय 'क' ला जोडा आणि बाजूचे दोन्ही पाय एकत्र करून 'घ' ला जोडा.

डायोडची एक तार 'घ' ला जोडा. दुसरी तार फळीवरच्या एका स्क्रूला गुंडाळा. या स्क्रूला 'च' म्हणू. इअरफोनची एक तार 'च' ला आणि दुसरी 'क' ला जोडा. रेझिस्टरही 'च' आणि 'क' यांच्यामध्येच, इअरफोनला समांतर जोडा. डायोड उलटा लागला तरी काळजी नको. या रेडिओत दोन्ही बाजूंनी तो सारखेच काम करतो. जोडण्यांना सोल्डरचा डाग द्यायचा असेल, तर तो मोठ्या माणसाच्या मदतीने द्या. नाहीतर तारा स्क्रूखाली घट्ट आवळल्या तरी चालते.

चौथी पायरी – एरियल आणि जमीन. एरियलची लांब तार गॅलरीत किंवा खोलीत उंचावर ताणून बांधा. तिचे एक टोक मोकळे राहू द्या. दुसरे 'ख' ला जोडा. 'क' ला जोडलेली तार जमिनीशी जोडायची आहे. जुन्या चाळींत जमिनीत गेलेला लोखंडी पाण्याचा नळ असतो. त्याचा रंग खरवडून तार घट्ट गुंडाळा. नव्या इमारतींत नळ प्लॅस्टिकचे असतात. त्यांचा उपयोग नाही. अशा वेळी तळमजल्यावर ओल्या मातीत अर्धा मीटर लोखंडी सळई ठोकून तिला तार जोडता येते.

ही काळजी घ्यायलाच हवी

हा रेडिओ स्वतः अगदी निरुपद्रवी आहे. धोका आहे तो चुकीच्या जागी तार लावण्याचा. म्हणून पुढील नियम पाळा.

भिंतीवरच्या विजेच्या प्लगमध्ये कोणतीही तार कधीही घालू नका. अर्थिंगच्या छिद्रातसुद्धा नाही.

एरियलची तार विजेच्या खांबांपासून आणि तारांपासून दूर ठेवा. रस्त्यावरून पलीकडे नेऊ नका. रेल्वेमार्गाच्या आसपास तर मुळीच नको. लोकल गाड्यांच्या वरच्या तारांत २५ हजार व्होल्टची वीज असते.

आभाळ भरून आले, विजा चमकू लागल्या, की रेडिओला हात लावू नका. पावसाळ्यात बाहेरचे एरियल काढूनच ठेवा.

गच्चीच्या कठड्यावर चढू नका.

आता कान लावा

सगळे झाले? मग इअरफोन कानात घाला आणि शांत बसा. गँगची दांडी अगदी हळूहळू फिरवा. एखाद्या ठिकाणी दूरवरून कोणी बोलत असल्यासारखा आवाज येईल. तेथे थांबा. दांडी केसभर इकडे, केसभर तिकडे करा. आवाज स्पष्ट होईल.

एरियल 'ख' वरून काढून 'ग' ला जोडून पाहा, मग 'घ' ला. 'घ' ला आवाज मोठा वाटेल, पण दोन केंद्रे एकमेकांत मिसळू शकतील. 'ख' ला आवाज लहान, पण निवड चांगली. तुमच्या घरी कोणती जागा योग्य, ते तुम्हीच ठरवायचे.

दांडी फिरवल्यावर केंद्र का बदलते? झोपाळा आठवा. झोपाळ्याचा स्वतःचा एक ताल असतो. त्या तालावर हलकासा धक्का दिला, तरी झोका उंच जातो. ताल चुकवून कितीही जोर लावला, तरी झोका वाढत नाही. कॉइल आणि गँग यांची जोडी हा विजेचा झोपाळा आहे. एरियलवर एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी येतात. ज्या लहरीचा ताल या जोडीच्या तालाशी जुळतो, तीच जोर धरते. बाकीच्या मागे पडतात. गँग फिरवणे म्हणजे झोपाळ्याचा ताल बदलणे.

अशा रीतीने प्रत्येक भागाला आपापले काम आहे. एरियल लहरी पकडते. कॉइल आणि गँग त्यांतली एक निवडतात. डायोड तिच्यावरचा आवाज उतरवतो. इअरफोन तो कानाला ऐकवतो. आणि जमीन? वीज वाहायची तर तिला जाण्यासाठी वाट लागते. जमीन ती वाट पुरी करते.

आवाज आला नाही तर?

निराश होऊ नका. मुकाट्याने एकेक जोडणी तपासा. इअरफोनच्या तारा क्षणभर दीड व्होल्टच्या सेलला लावा. 'टक्' असा आवाज आला, तर इअरफोन ठीक आहे. मग क, ख, ग, घ पुन्हा घासा. गँगच्या पट्ट्या एकमेकींना टेकत नाहीत ना, ते पाहा. डायोड खरोखर जर्मेनियमचा आहे ना? जमिनीची जोडणी घट्ट आहे ना? एरियल आणखी लांब किंवा उंच करता येईल का? लोखंड आणि सिमेंट यांनी वेढलेल्या खोलीत लहरी कमी पोहोचतात, म्हणून खिडकीजवळ बसून पाहा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि रेडिओ सुरू झाला, तर दोष कोठे होता ते कळणारच नाही. मेकॅनिक असो की शास्त्रज्ञ, दोघेही याच रीतीने दोष शोधतात.

खंदकातील रेडिओ

दुसऱ्या महायुद्धातील एक हकिकत ऐका. १९४४ साली इटलीतील अँझिओ येथे दोस्त राष्ट्रांचे सैनिक खंदकांत अडकून पडले होते. त्या काळातील काही रेडिओ ऐकताना स्वतःच क्षीण लहरी बाहेर टाकत. त्यामुळे शत्रूला ठावठिकाणा लागण्याची भीती असे. क्रिस्टल रेडिओ लहरी बाहेर टाकत नाही. पण खंदकात गॅलेना कोठून आणणार? सैनिकांनी दाढीचे जुने ब्लेड घेतले आणि त्यावर सेफ्टी पिनेचे किंवा पेन्सिलीच्या शिशाचे टोक टेकवले. ब्लेडनेच खड्याचे काम केले! भोवती युद्ध चालू असताना त्या सैनिकांनी इअरफोन कानाला लावून गाणी ऐकली.

आपल्याकडचाही एक दिवस विसरण्यासारखा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई-ठाणे परिसर पाण्याखाली गेला. अनेक भागांत वीज गेली, टेलिफोन बंद पडले, मोबाइल लागेनात. आपले माणूस कोठे अडकले आहे, हे घरच्यांना कळेना. ज्या यंत्रांवर आपण रोज अवलंबून असतो, ती वीज गेल्यावर किती असहाय होतात, हे त्या दिवशी सर्वांना कळले. अशा संकटासाठी प्रत्येक घरात सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ असावा. वादळी पावसात एरियल लावता येत नसल्यामुळे आपला क्रिस्टल रेडिओ त्याची जागा घेऊ शकत नाही. पण साध्या रेडिओच्या पोटातही निवडणे, उतरवणे आणि ऐकवणे हीच कामे चालतात. क्रिस्टल रेडिओ बनवणारा मुलगा किंवा मुलगी घरातला बंद पडलेला रेडिओ पाहून घाबरत नाही. बिघाड यांपैकी कोणत्या कामात आहे, याचा विचार करते.

मग बॅटरी नसताना हा रेडिओ बोलतो तो कोणाच्या जोरावर? त्याला शक्ती फुकट मिळते का? नाही. दूरच्या केंद्रावर मोठी वीज खर्च होते. ती लहरींच्या रूपाने चहूकडे पसरते. तिचा अगदी इवलासा अंश तुमच्या गॅलरीतल्या तारेला मिळतो आणि तेवढ्यावर इअरफोनची चकती थरथरते. तो अंश लाखो घरांवरून जातो, भिंतींतून जातो, आपल्या अंगावरूनही जातो. पण कोणाला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो फक्त ज्याने तार ताणली आहे, वेढे मोजले आहेत आणि धीराने गँग फिरवला आहे त्याला.

तेव्हा सुट्टीच्या दिवशी मित्राला किंवा बहिणीला सोबत घ्या आणि कामाला लागा. पहिला आवाज ऐकू आला, की इअरफोन लगेच घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या कानाला लावा. त्यांनी कधीकाळी रेडिओवर काय काय ऐकले होते, ते विचारा. तुमच्या रेडिओवर मिळणार नाहीत अशा कितीतरी गोष्टी त्यांच्याकडून ऐकायला मिळतील.

शब्दार्थ

खटाटोप – खूप धडपड, मेहनत
प्रक्षेपित करणे – लहरींच्या रूपाने दूरवर पाठवणे
विरून जाणे – हळूहळू नाहीसे होणे
तरंगलांबी – लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर
क्षीण – अगदी कमी जोराचा
उंबरठा – दाराच्या तळाशी असलेले आडवे लाकूड किंवा दगड
निरुपद्रवी – त्रास किंवा इजा न करणारा
खंदक – लढाईत लपण्यासाठी खणलेला लांब खड्डा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) क्रिस्टल रेडिओसाठी जर्मेनियमचा डायोड का निवडतात?
(आ) तांब्याच्या तारेची टोके पॉलिश पेपरने का घासावी लागतात?

२. लेखकाने आवाजाला 'प्रवासी' आणि लहरीला 'बस' का म्हटले आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.

३. 'मौज', 'आवाज', 'जमीन', 'तार' हे शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आहेत. कोणत्या शब्दांचा अर्थ सारखा आहे आणि कोणत्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, ते सांगा. असे आणखी पाच शब्द शोधा.

४. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणच्या रेडिओविषयी पाच प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.